पोरीसाठी डबा

"कांदा जरा जास्तच लाल होतोय का, मावशी?" बाईसाहेबांनी दारातूनच विचारलं.

"होऊ दे. रश्शाला रंग त्यानंच येतो," मावशी वळून न बघता म्हणाल्या. "तुम्ही बाहेर पाहुण्यांत बसा. इथं धुरात कशाला उभ्या राहता?"

बाईसाहेब हलल्या नाहीत. सणाचा दिवस, पण अंगावर रोजचेच कपडे. चेहरा ओढलेला. घरात काहीतरी बिनसलंय, एवढं मावशींच्या लक्षात आलं होतं. सकाळपासून कुणी मोकळेपणानं हसलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरातली धुसफूस स्वयंपाकिणीनं कानाआड करावी, हा मावशींचा शिरस्ता. त्यामुळेच तर इतकी वर्षं इतक्या घरांत निभावलं.

रस्सा उकळत होता. सुकामेवा घातलेला गोड भात मंद आचेवर मुरत होता. मावशी पहाटेपासून उभ्याच होत्या. त्यांनी मिठाची बरणी उचलली, तेवढ्यात बाईसाहेबांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं ती हलकेच काढून घेतली.

"मीठ घालून झालंय."

"मग तसं आधी सांगायचं," मावशी पुटपुटल्या. आजकालच्या पोरी, काम करायचं सोडून नुसत्या मधेमधे.

मग बाईसाहेबांची बँकेतली मैत्रीण आत डोकावली. "कशा आहात? ओळखलंत ना मला?"

"ओळखलं की," मावशी म्हणाल्या. ओळखलं नव्हतं. पण मालकिणीच्या पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मैत्रिणीनं बाईसाहेबांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ती बाहेर गेली.

मावशींनी गोड भात मोठ्या भांड्यात काढला. पातेल्याच्या तळाला तांबूस खरवड धरली होती. बाईसाहेबांनी तुकडा मोडायला हात पुढे केला.

"अहो, ती राहू द्या!" मावशी बोलून गेल्या आणि मग ओशाळल्या. "म्हणजे... पोरीसाठी ठेवलीय. जीव आहे तिचा खरवडीवर."

बाईसाहेबांनी हात मागे घेतला. "एकटीच आहे का ती?"

"एकटीच. कडी लावून बस म्हटलंय. मी हाक मारल्याशिवाय कुणाला दार उघडायचं नाही."

घराच्या मागच्या अंगाला मावशींची खोली होती. तिचं दार मागच्या गल्लीत उघडायचं.

"बोलवा ना तिला इथे. तुम्हीही बसा आमच्याबरोबर. आज तरी."

"नको हो, बाईसाहेब. पोराला एकदा पंगतीची सवय लागली की दरवर्षी वाट बघतं. उद्या तुमच्याकडचं काम सुटलं, तर मी तिला काय सांगू?"

बाईसाहेब ओट्यावरचं फडकं उगाचच घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला राग येत असेल का तुमचा? सणासुदीला तुम्ही दुसऱ्यांच्या घरी आणि ती तिथे एकटी."

मावशींचा पळीवरचा हात थांबला. असं त्यांना कुठल्या मालकिणीनं कधी विचारलं नव्हतं.

"येत असेल. बोलून दाखवत नाही. उपाशी बसते माझ्यासाठी, पण एका शब्दानं टोचत नाही." त्यांनी डोळे खांद्याला पुसले. "तिच्यासाठीच करते ना हे सगळं. आत्ता नाही, पण मोठी झाली की कळेल तिला."

"कळतं," बाईसाहेब म्हणाल्या आणि फडकं तसंच टाकून बाहेर गेल्या.

ताटं वाढली गेली. मावशी दाराआडून कुणाला काय हवं ते बघत होत्या. टेबलाशी एक खुर्ची रिकामीच होती. साहेबांचा दबका आवाज ऐकू आला. "आज तरी बसव ना तिला. थोडा आग्रह कर."

"मागच्या सणाला बसवलं होतं ना?" हे बाईसाहेब. "घास गिळला नाही. सारखी दाराकडे बघत होती. शेवटी लहान मुलासारखी रडायला लागली. मला नाही बघवत."

कुणी रुसलेली नातेवाईक असणार, मावशींच्या मनात आलं. मोठ्या घरांतून असं एखादं माणूस असतंच. इथे चार-चार पदार्थ होतात आणि कुणाच्या घशाखाली उतरत नाहीत. बाईसाहेबांनी तर ताटाला हातही लावला नव्हता. मावशींना त्यांची कीव आली. आपलं बरं. एक खोली, एक पोर, पण डबा उघडला की दोघी पोटभर जेवतो.

त्यांनी डबा भरला. खालच्या पुडात रस्सा, मधल्यात भात, वरच्यात खरवड. हात धुऊन त्या निरोप घ्यायला बाहेर आल्या, तर बाईसाहेब कुठेच दिसल्या नाहीत. मुलीनं पुढचं दार उघडून दिलं.

"सावकाश जा हं."

"बाईसाहेबांना सांग, मी निघाले म्हणून."

मुलीनं नुसती मान हलवली. तिचे डोळे लाल झाले होते.

बाहेर अजून ऊन होतं. घराघरांतून हसण्याखिदळण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. मावशींनी डबा पदराखाली धरला आणि घराला वळसा घालून मागच्या गल्लीकडे निघाल्या. गुडघे कुरकुरत होते. मध्येच त्यांनी वळून पाहिलं. साहेबही मागून चालत येत होते, बहुधा जेवणानंतर पाय मोकळे करायला. मावशींनी अदबीनं मान लववली आणि पावलं उचलली. आज फारच वेळ झाला. पोर रडून रडून झोपली नसली म्हणजे मिळवली.

खोलीचं दार आतून बंद होतं. मावशींनी कडी वाजवली.

"दार उघड गं बाळ. मीच आहे."

आतून धावत आल्यासारखी पावलं वाजली. कडी निघाली. दारात बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी पिकल्या केसांच्या घाईघाईनं दोन वेण्या घातल्या होत्या, आणि त्यांना धाप लागली होती. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला.

"आई," त्या म्हणाल्या, "किती उशीर केलास गं."