न जुळणारा

"बाही खाली करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या पेशी चालणार नाहीत."

छोटी दंड उघडा टाकून तशीच बसून राहिली. काचेपलीकडे मोठी पडली होती, रक्ताच्या कॅन्सरनं पार वाळलेली. जरा आधी जन्मली म्हणून ती मोठी, एवढाच दोघींत फरक.

"अहो, आम्ही जुळ्या आहोत. माझ्याइतकं तिच्याशी कोणाचं जुळणार?"

"तीच तर अडचण आहे. रक्तातल्या मारेकरी पेशी गस्त घालतात. समोरच्या पेशीला धरून चाचपतात. आजाराची खूण लागली तर 'मार' असा इशारा मिळतो, घरची ओळख लागली तर 'थांब' असा. हा कॅन्सर घरची ओळख पुढे करतो. तुमच्या बहिणीच्या पेशी त्याला सोडून देतात. तुमच्याही सोडतील."

"म्हणजे माझ्या पेशी त्याला हात लावतील आणि..."

"आपलाच समजून पुढे जातील."

"मग कोणाच्या पेशी घेणार?" छोटीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे दादा बसला होता. आई फोनवर रडली म्हणून तेवढ्या तपासणीपुरता आला होता. त्याचा आणि मोठीचा छत्तीसचा आकडा. 'तिचं तोंड पाहणार नाही' म्हणून गेला त्याला वर्षं लोटली, आणि दोघींचं तोंड एकच असल्यानं बिचारी छोटीही त्यात गेली.

"माझ्या?" दादा उडालाच. "आमचं तर कधी जुळलंच नाही."

"तपासणीतही अर्धंच जुळलंय. जी ओळख लागली की तुमच्या पेशी थांबतात, ती आतल्या बहिणीच्या पेशींवर नाहीच. म्हणून त्या कॅन्सरला आपला समजून सोडणार नाहीत."

दादानं काचेकडे पाहिलं. "आणि त्यांनी तिलाच मारलं तर?"

"नुसतं अनोळखी असून भागत नाही, आजाराची खूणही लागते. निरोगी पेशींवर ती सहसा नसते. खात्री मी देत नाही. पण दुसरा उपाय उरलेला नाही."

छोटीनं काचेजवळचा फोन उचलून मोठीला सगळं सांगितलं. मोठी दादाकडे बघत ऐकत राहिली. मग फोनमधून तिचा बारीक आवाज आला.

"त्याला म्हणावं, मी बरी होईपर्यंत समेट करायचा नाही."

दादा बाही वर करू लागला. एका हातानं मनगटावरचं बटण निघेना. छोटीनं त्याचा हात ओढून घेतला आणि बटण काढून दिलं.

बाही वर गेली तरी तो तिच्या तोंडाकडेच पाहत होता.