व्हय म्हाराजा!

देवगडच्या आंबा सोसायटीत निकेतने बुकिंगच्या प्रोग्रामसाठी पायथॉन भाषेची नवी आवृत्ती टाकली आणि 'दोन-दोन कशाला?' म्हणून सिस्टीमसोबत आलेली जुनी उडवली. कॉम्प्युटरची निम्मी कामं त्या जुनीवरच चालत होती. ऐन हंगामात मशीन आडवं झालं. निकेत सगळ्यांना "काय झाला, माकाच कळणा नाय" एवढंच सांगत राहिला.

शेवटी चेअरमन गुणाजीकाकांनी मशीनपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीक कोणी काय वायट केल्यान असात, तर तेका समोर हाडून उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले.



काका मागे वळले. "निकेता, तुझो आवाज नाय इलो रे?"