पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जेवायला कुठे जावं?

आठवडाभराच्या प्रयोगांनी तिघंही पार गळून गेले होते. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठाच्या खानावळीत हॉर्स्ट आणि क्लाइव्ह तेच ते उकडलेले बटाटे चिवडत बसले होते. अच्युतसमोर नुसता चहा. शनिवारी त्याचा उपास असतो, हे एव्हाना सगळ्या खात्याला पाठ झालं होतं.

हॉर्स्ट पुढच्या बोटीनं त्रिनिदादला मशिन बसवायला निघाला होता. त्यानं वही काढली. "तर मग क्लाइव्ह, तुझ्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जेवायला कुठे जावं?"

"सोमवारी मिसेस बाप्टिस्ट," क्लाइव्ह डोळे मिटून सांगू लागला. "मंगळवारी कोपऱ्यावरचा शिंपी, त्याच्याकडे मासे झकास. बुधवारी पाद्री. शुक्रवारी..."

"रोज नवं हॉटेल! चैन होती की तुझी," म्हणत हॉर्स्ट भराभर लिहीत राहिला.

अच्युतचा कप मात्र ओठांपाशीच थांबला. हॉटेलं कुणी अशी वारानं सांगत नाही. पुण्यात तो स्वतः सात वर्षं वार लावून जेवला होता. सहा घरं मिळाली होती, सातवं काही मिळालं नाही.

"आणि गुरुवारी?" त्यानं हळूच विचारलं.

"गुरुवारी कुणी नव्हतं. विचारलं तर सांगायचो, आज माझा उपास आहे."

अच्युत खाली बघत चहा ढवळत राहिला. क्लाइव्हनं त्या चहाकडे पाहिलं, मग अच्युतकडे. थकल्या हातानं त्यानं आपली बटाट्यांची बशी टेबलाच्या मधोमध सरकवली.

"शनिवारी माझ्याकडे," तो म्हणाला.