डब्ब्याला कुंकू

संध्याकाळी धरमपेठेत श्रावणच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि त्याचा सिंथेसायझर मागाशेजारी पाटावर, हळदकुंकू लावून ठेवलेला होता. दाराशी ऑटोचा हॉर्न सारखा वाजत होता. "बाबा, हा काहून इथं ठेवला?" मागावर सगळा जन्म गेलेले बाबा धोट्यावर झेंडूचं फूल ठेवत म्हणाले, "आज खांडेनवमी हाये ना गा. हत्याराची पूजा. आज कोनी हत्याराले हात लावत नाही." श्रावण दारापर्यंत गेला, परत आला. हा जुना जर्मन सिंथेसायझर घरात आल्यापासून बाबा त्याला डब्बाच म्हणायचे. "पन हे हत्यार कधी झालं?" "तूच तं काल समजावलं. आकड्यात साठवलेल्या लहरी म्हंजे मागावरचा उभा ताना, अन् त्याहिले मऊ करनारं जुन्या पद्धतीचं सर्किट म्हंजे आडवा बाना. ज्याच्यात ताना-बाना, ते हत्यारच." बाहेरून मित्राची हाक आली, "चल गा श्रावण! लोकं येऊन राह्यले!" 'हत्यार': इतकी वर्षं त्याला बाबांच्या तोंडून हाच एक शब्द ऐकायचा होता. तो पुन्हा दारापर्यंत गेला, पुन्हा परत आला. "नाही बाबा," तो खाली पाहत म्हणाला, "डब्बाच हाये हा." धोतराच्या सोग्यानं बाबांनी पट्ट्यांवरचं कुंकू हलकेच पुसलं, आणि पुसून झाल्यावर डब्ब्याला हात जोडले.