द्वारपालाचं वाक्य

"बाई उद्या येणार, आणि तुझी अजून खाडाखोडच चाललीय," नवरा म्हणाला.

तिने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. एका जुन्या नाटकाच्या महिनाभर चाललेल्या अभ्यासाचा आराखडा बाईंसाठी लिहून काढायचा होता: आधी गोष्ट, मग पात्रं, मग त्या काळचे राजवाडे आणि पहारे, शेवटी जोडीने प्रवेशवाचन, त्यात लेक द्वारपाल. तपासनीस बाईंचं समाधान झालं नाही, तर लेकीला घरी शिकवायची परवानगी रद्द होणार होती. मग पुन्हा तीच शाळा, तोच मागचा बाक.

त्या शाळेने पोरीला पार कोमेजवून टाकलं होतं. हाक मारली तर ओ देत नाही. शिक्षकांनी फळ्यावर लिहिता लिहिता काही विचारलं, तर ढिम्म बसते. उर्मट आहे. असले शेरे महिन्याला घरी येत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे त्याने लगेच लेकीचे डोळे तपासले होते. "नजर लख्ख आहे. लक्ष नाही, एवढंच," असा निकाल देऊन तो मोकळा झाला होता.

घरी मात्र तीच पोर चुणचुणीत. समोर बसवून सांगितलं की झटक्यात उचलायची.

"पण नाटकच का घेतलंस?" नवऱ्याने विचारलं.

"तिलाच हवं होतं. म्हणते, नाटकात बरं असतं, कोण बोलतंय ते आधीच छापलेलं असतं."

तेवढ्यात लेक पाणी प्यायला आली. "काय द्वारपाल, झाली का तयारी?" नवरा मोठ्या कौतुकाने म्हणाला. लेकीने पाणी प्यायलं, पेला विसळला आणि ती निघून गेली.

"बघितलंस? या मिशा वाढवल्यापासून घरात माझा धाक उलट कमी झालाय." त्याने आपल्या झुपकेदार मिशांवरून हात फिरवला. त्या पार खालच्या ओठावर उतरल्या होत्या. तो हसतोय की नाही, तेही कळत नसे.

"वयच तसं आहे हो तिचं," ती म्हणाली. त्याची कीव आली, पण आतून थोडं सुखावल्यासारखंही झालं. लेक आपल्याशी तरी बोलते.

लग्नाआधी ती एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहायचं आणि अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं. ती सवय हाडीमाशी खिळलेली. अजूनही कुणी वाचायला लागलं की तिचे ओठ सोबत हलत. मागच्या आठवड्यात तिचा घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा. नवऱ्याला चहा हवा का, हेही खुणांनी विचारावं लागे. लेकीशी मात्र काही अडलं नाही. दोघींनी त्या दिवसांत अख्खा दुसरा अंक उरकला. नंतर विषय निघाला तेव्हा लेक म्हणाली, "तुझा घसा बसला होता? कधी?" नाटकात इतकी बुडालेली पोर! आईला केवढा अभिमान वाटला होता.

"उद्या तू आपली स्वयंपाकघरात बस," नवरा उठता उठता म्हणाला. "तुझे ओठ हलताना दिसले, तर बाई म्हणतील उत्तरं आईच पुरवतेय."

हे तिलाही पटलं.

बाई वेळेवर आल्या. बोलायला गोड, चष्म्याची भिंगं मात्र बाटलीच्या बुडासारखी. "उणे नऊ नंबर तरी असेल," नवरा स्वयंपाकघरात डोकावून कुजबुजला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला.

ती ओट्याला टेकून कान लावून उभी राहिली. बाई एकेक विचारत होत्या आणि लेक घडाघडा उत्तरं देत होती. राणीला झोप का येत नाही? द्वारपाल खरं का सांगत नाही? पोरीने असं काही सांगितलं की बाई दोनदा "वा!" म्हणाल्या. आईचा जीव भांड्यात पडला.

"आता थोडं वाचू या," बाई म्हणाल्या. "मी राणी, तू द्वारपाल." पुस्तक एकच होतं, पण लेकीला तिची वाक्यं पाठ होती. बाईंनी पुस्तक पार नाकाला भिडवलं. "द्वारपाल, बाहेर कोण आहे?"

उत्तर नाही.

"द्वारपाल, बाहेर कोण आहे?"

हे वाक्य तर पोर झोपेतही म्हणेल! आई पावलं न वाजवता बाहेर लेकीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. लेक पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे टक लावून बसली होती. मांडीवर तिची बोटं एकमेकांत अडकली होती.

बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. आता आईला राहवेना. गेली परवानगी तर गेली, पण पोरीला असं उघड्यावर सोडायचं नाही. विंगेतून पुरवावं तसं तिने हलकेच वाक्य पुरवलं. लेक हलली नाही. आईने जरा मोठ्याने म्हटलं. मग तिचा धीरच सुटला.

"बाहेर कुणी नाही, महाराणी! नुसता वारा आहे!"

खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. लेक तशीच पुठ्ठ्याकडे बघत होती.

बाईंनी पुस्तक हळूच खाली ठेवलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे. समोर पुन्हा चेहरा दिसताच लेकीने सुटकेचा श्वास टाकला.

"बाळ," बाईंनी सावकाश विचारलं, "आई आत्ता काय म्हणाली?"

"आई?" लेक हसली. "ती तर स्वयंपाकघरात आहे ना?"

कोपऱ्यात नवऱ्याचा हात नकळत मिशांकडे गेला आणि ओठ झाकणाऱ्या केसांवर तसाच थांबला.