चारशे बारा ईमेल

तालमीमागच्या मैदानावर सात मजली बिल्डिंग होणार हे आमच्या गावाला कळलं, तेव्हा जेसीबी मैदानात उतरलाच होता. राहीबाईंनी पन्नास बायका गोळा केल्या आणि थेट नगरपालिका गाठली.

"आवं सायेब, बांधायच्या आधी गावाला इचारायची काय रीत हाय का न्हाई?"

"आजी, चारशे बारा घरांना ईमेल केलेत. घरपट्टीच्या फॉर्मवर तुम्हीच दिलेल्या पत्त्यांवर. महिना झाला, एक हरकत आली नाही."

"दावा बगू यादी!"

यादी आली. नावं चारशे बारा, ईमेल सगळ्यांपुढं एकच: स्टँडजवळच्या सेवा केंद्रातल्या तानाजीचा. रेशन असो, पीकविमा असो, घरपट्टी असो, अख्ख्या गावाचे फॉर्म तोच भरतो. ईमेल विचारला की आम्हीच म्हणतो, "तुजाच टाक की रं गड्या!"

राहीबाईंनी पदर खोचला. पन्नास बायका तणतणत स्टँडवर पोचल्या, तर केंद्राचं शटर बंद आणि त्यावर कोराकरकरीत फ्लेक्स.

 

"आपलं सेवा केंद्र लवकरच नव्या जागेत! तालमीमागची बिल्डिंग, गाळा नंबर एक."