परक्या हातची भाकरी

बादलनं लाकडी भिंत ओलांडली आणि नेमका पुढच्या उजव्या पायावर उतरला.

मैदानाच्या कडेला निंबाच्या सावलीत बसलेली सुनंदाबाई अर्धवट उठली. मोडला होता तो हाच पाय. चोरामागं डाळमिलच्या कुंपणावरून उडी घेताना मोडला होता. आता तो मातीला टेकला, पण लचकला नाही. बादल पुढच्या दांडीकडे धावला. कुत्र्याच्या बाजूनं तिचा नवरा, हवालदार अभिमन, पळत होता.

"तुना नवराना पाय मोडता, तरी इतला दाबती नही तू," शेजारी बसलेली कमलबाई म्हणाली.

"त्याना बी दाबस वो माय," सुनंदाबाई हळूच म्हणाली. नजर मात्र बादलवरून हलली नाही.

कमलबाईचं खोटं नव्हतं. प्लास्टर निघाल्यापासून कोमट एरंडेलानं तो पाय सुनंदाबाईच चोळत आली होती. पहाटे ती पूजेला बसली की अभिमन बादलला पांझरा नदीच्या वाळूत चालवून आणायचा. पोलीस लाईनीत कुत्रं पाळायला बंदी होती, पण पाय बरा होईपर्यंत पथकाच्या साहेबांनी सवलत दिली होती. ती सवलत आज संपत होती. आजच्या परीक्षेत बादल पास झाला तर पुन्हा धुळ्याच्या श्वानपथकात, अभिमनच्या हाताखाली. नापास झाला तर पथकातून कमी. फैजपूरच्या एका केळीवाल्यानं बागेच्या राखणीसाठी त्याला आधीच मागून ठेवलं होतं. त्याचा मागचा कुत्रा साखळीला बांधल्या जागीच मेला, असं लोक सांगत.

दांडी झाली. टांगलेल्या टायरमधून उडी झाली. शिडी चढून, फळीवरून तोल सांभाळत बादल खाली उतरला. परीक्षा घ्यायला पुण्याहून आलेल्या साहेबांनी पसंतीची मान हलवली.

"झालं ना आता?" सुनंदाबाईनं विचारलं.

"खावानं ऱ्हायनं अजून," कमलबाई म्हणाली. "परका मानूस भाकर दाखाडी. खाधी ते गया."



पोलिसी कुत्र्यानं आपल्या माणसाखेरीज कोणाच्या हातचं खायचं नसतं. चोर विष घालतात. अभिमननं पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "त्याला तू काही देऊ नको." पण तिचा नेम होता. दत्त महाराजांच्या नावानं कुत्र्याला घास घातल्याशिवाय ती जेवत नसे. बादल अंगणात आला आणि लाईनीतलं एकही भटकं कुत्रं तिच्या दाराशी फिरकेना. मग अभिमन ड्यूटीवर गेला की ती बादलपुढंच भाकरी ठेवू लागली. आधी त्यानं तोंड फिरवलं. ती उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी एका दुपारी तिनं देवाची करुणा भाकली, आणि बादलनं भाकरी खाल्ली. तेव्हापासून रोज खायचा. "माझ्याशिवाय कोणाच्या हातचं घेत नाही तो," असं अभिमन लाईनीत छाती फुगवून सांगायचा, तेव्हा ती खाली मान घालून ऐकायची.

अभिमननं बादलला मैदानाच्या मधोमध बसवलं. मग तो निंबाकडे चालत आला आणि नियमाप्रमाणं कुत्र्याकडे पाठ करून उभा राहिला. साध्या कपड्यातला शिपाई चुडामण थाळी घेऊन पुढं झाला. थाळीत रश्श्यात कुस्करलेली भाकरी होती.

"घे रे राजा," चुडामण म्हणाला. "तुझा मालक काय देतो? त्यालाच घरी कोरडी मिळते."

गर्दी हसली. बादलनं थाळी हुंगलीसुद्धा नाही. चुडामणनं घास त्याच्या नाकाशी नेला. बादलनं मान वळवली आणि लांब अभिमनच्या दिशेनं बघत बसून राहिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आता थोडाच वेळ उरला होता.

सुनंदाबाईचे डोळे भरून आले. देवानं लाज राखली. आपल्या चुकीची शिक्षा त्या मुक्या जिवाला दिली नाही. तिनं डोळे मिटले आणि हात जोडले.

मैदानात हशा उसळला. तिनं डोळे उघडले. बादल थाळी चाटत होता.

कोणाला काही उमगेना. इतका वेळ दगडासारखा बसलेला कुत्रा ऐन वेळी कसा बिघडला, यावर सगळे बोलत होते. सुनंदाबाईला मात्र उमगलं. रोज दुपारी भाकरी पुढं ठेवून ती डोळे मिटायची, हात जोडायची. तोवर बादल भाकरीला शिवायचा नाही. हात जुळले की खायचा. पाठमोऱ्या अभिमनच्या पलीकडं त्याला ती दिसत होती.

साहेब जीपकडे गेले. अभिमन बादलला घेऊन निंबाखाली आला आणि तिच्याजवळ मटकन बसला. त्यानं बादलच्या गळ्यातला पट्टा सैल केला.

"माझंच काही चुकलं शिकवण्यात," तो म्हणाला.

"तुमचं नाही हो," ती म्हणाली. पुढचं तिच्या ओठांवर आलं होतं.

"तू कशाला रडतेस? बठ्ठं मैदान तमाशा बघत होतं, तेव्हा तू एकटी त्याच्यासाठी हात जोडून बसली होतीस. देखलं मी." त्यानं नाक पुसलं. "आता एवढंच कर. फैजपूरवाला तरी दयाळू निघू दे म्हणून देवाला हात जोड."

सुनंदाबाईनं हात जोडले नाहीत; दोन्ही पदराखाली घट्ट दाबून ठेवले. बादल समोर बसून त्या पदराकडेच बघत होता.